अस्सल गाडी आणि तिला लागलेले हात

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. कल्याणहून लोकलने जातो-येतो. मला गाडी चालवता येत नाही आणि घरात गाडी नाही. तरीही कुठे जुन्या मोटारींचं प्रदर्शन आहे असं कळलं की मी तिकडे जातोच. शाळेतले सहकारी हसतात, "सर, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं लांबलचक आहे, म्हणून आज इथे लिहितो.

आधी एक साधी गोष्ट. विलायतेत असे मेळावे उन्हाळ्यात भरतात. हिरवळीवर गाड्या लावायच्या, शेजारी खुर्च्या टाकून ऊन खात बसायचं. आपल्याकडे मात्र हा हंगाम थंडीचा. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून चालत आली आहे, तीही थंडीत. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया वर्षानुवर्षे अशा रॅली भरवतो. आपल्या उन्हाळ्याचा त्रास प्रेक्षकांना होतो तसा गाड्यांनाही होतो. जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर असतो. मे महिन्याच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीचं इंजिन तापलं की पेट्रोल पंपातच उकळू लागतं. पंपाचं काम द्रव ढकलायचं, वाफ ढकलणं त्याला जमत नाही. गाडी आचके देते आणि बंद पडते. मिस्त्री लोक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. इलाज एकच : बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि सब्र करा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे अब्बा टॅक्सी चालवायचे. त्यांच्या सीटखाली बाराही महिने पाण्याची बाटली आणि एक जुनं बनियन असायचं. ते बनियन त्या पंपासाठी.

प्रदर्शनात गेलं की पहिल्यांदा डोळे दिपतात. रोल्स-रॉइस, ब्यूक, ऑस्टिन, मॉरिस, डॉज. आरशासारखं पॉलिश, पितळेचे दिवे, लाकडी चौकटीचे दरवाजे. प्रत्येक गाडीसमोर पाटी असते : कोणत्या साली बनली, किती सिलिंडर, मालक कोण. या पाट्यांवर सगळ्यांत अभिमानाने मिरवणारा शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे, बदल काही केलेला नाही. परीक्षक येतात, वाकून पाहतात. रंगाची छटा त्या काळातली आहे का, टायर त्या जातीचे आहेत का, दिवा बदललाय का, नटबोल्ट तरी जुने आहेत का. नव्या जमान्याची वस्तू दिसली की गुण कापले जातात.

सरकारनेही आता ही कसोटी कायद्यात आणली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांचे नियम काढले. एरवी मोटारींच्या दुनियेत विंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. आपल्या नियमांचा हिशोब सोपा आहे : पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी. अशा गाडीला नवी नंबरप्लेट मिळते, तिच्यावर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनासाठी किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

नियम वाईट नाही. पूर्वी जुन्या गाडीची नोंदणी करताना प्रत्येक राज्यात वेगळी रीत होती, आता एक वाट झाली. पण मी तो वाचला तेव्हा मनात लगेच एका गाडीचा हिशोब सुरू झाला. तिचं नाव प्रीमियर पद्मिनी.

तिची कहाणी आपल्याच भागातली आहे. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जुळवल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली. पुढे तीच गाडी थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नाव बदललं तरी लोकांनी तिला ‘फियाट’च म्हटलं. आमच्या घरी तर अम्मी तिचा उल्लेख ‘फियाट’ असाही करत नसे, नुसतं ‘गाडी’ म्हणायची. घरात दुसरी गाडी कधी नव्हतीच.

डोंबिवलीच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्युजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी निघाली, पण ती फार दिवस टिकली नाही. आज कुर्ल्याच्या जागेवर आणि डोंबिवलीच्या जागेवर उंच इमारती आहेत. ‘प्रीमियर’ हे नाव पत्ता सांगताना तेवढं कानावर येतं. पद्मिनीचं उत्पादनही नवं शतक उजाडता उजाडता थांबलं.

आता हिशोब बघा. पद्मिनी हे नाव लागलेली पहिली गाडी १९७४ची. ५० वर्षांचा नियम लावला तर पद्मिनी ‘विंटेज’ व्हायला सुरुवात झाली २०२४ साली. आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, ती संपली. म्हणजे ज्या गाडीने या शहराला चार-पाच दशकं वाहून नेलं, ती इतिहासात जमा होण्याच्या उंबरठ्यावर असतानाच तिची रस्त्यावरून गच्छंती झाली. निदान एक तरी काळी-पिवळी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती.

कोणी म्हणेल, खासगी पद्मिनी आहेत की. आहेत, आणि प्रदर्शनांत दिसतातही. पांढऱ्या, आकाशी, चकचकीत. मालक हौशी असतात, मनापासून सांभाळतात. पण टॅक्सी त्या रांगेत क्वचितच दिसते, आणि आली तरी ‘मूळ रूप’ या कसोटीवर ती कशी उतरणार?

अब्बांची टॅक्सी १९७९चं मॉडेल होती. त्यांनी ती दुसऱ्या हाताने घेतली, कर्ज काढून. त्यानंतर तिच्यात काय काय बदललं याची यादी मला तोंडपाठ आहे. सीटचं रेक्झिन चार वेळा. दोन दरवाजे भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे. इंजिन दोनदा पूर्ण उघडलं. टपावर लोखंडी कॅरिअर, ते कुर्ल्यातच वेल्डिंग करून घेतलेलं. मग २००० नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं, तेव्हा डिकीत सिलिंडर बसला. निम्मी डिकी त्याने खाल्ली, म्हणून सगळं सामान कॅरिअरवर. डॅशबोर्डवर ७८६चं स्टिकर. बाहेर डाव्या बाजूला लोखंडी मीटर. ‘फॉर हायर’चा तो दांडा खाली पाडताना होणारा आवाज अजून कानात आहे.

यातला एकही बदल हौसेचा नव्हता. रेक्झिन फाटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. दरवाजा लागला नाही तर पासिंग व्हायचं नाही. सीएनजी तर हुकूमच होता. त्या गाडीवर आम्हा चौघा भावंडांची शाळा झाली. माझं बीएड त्या गाडीच्या शेवटच्या काही वर्षांच्या कमाईवर झालं. ती जर ‘जशीच्या तशी’ राहिली असती, तर आम्हीही जिथल्या तिथे राहिलो असतो.

२००८ साली सरकारने टॅक्सींना २५ वर्षांची मर्यादा घातली, पुढे २०१३ मध्ये ती २० वर आली. अब्बांची गाडी पहिल्याच फेरीत गेली. भंगारवाल्याच्या दारात ती सोडताना त्यांनी सीटखालची बाटली आणि ते बनियन तेवढं काढून घेतलं. घरी आल्यावर बनियन धुऊन वाळत घातलं. कोणी काही बोललं नाही. ती गाडी असती तर २०२९ साली पन्नास वर्षांची झाली असती.

पण हा लेख अब्बांच्या गाडीवर रडण्यासाठी नाही. ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हा प्रश्न मला छळतो तो वेगळ्या कारणाने.

काही वर्षांपूर्वी मी मामूंना एका प्रदर्शनाला घेऊन गेलो. मामू आयुष्यभर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर डेंटिंगचं काम करत होते. ठोकलेला पत्रा हाताच्या स्पर्शाने जोखणारा माणूस. तिथे प्रत्येक गाडीपुढे दोरी आणि ‘स्पर्श करू नये’ची पाटी. मामूंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. एका चाळीसच्या दशकातल्या गाडीपाशी ते खाली बसले आणि मडगार्डवर पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाकडे तिरक्या नजरेने बघत राहिले. उजेडाची सरळ रेघ एका जागी किंचित वाकत होती. "यहाँ लांबी भरी है. दो बार. पत्रा नीचे का नया है." पाटीवर ‘ओरिजिनल बॉडी’ असं होतं. मला वाटलं ते आता हसतील. ते म्हणाले, "अच्छा काम किया है किसी ने."

किसी ने. तो ‘कोणीतरी’ पाटीवर नव्हता. पाटीवर कंपनीचं नाव, सालाचा आकडा, मालकाचं नाव आणि त्याच्या आजोबांनी ती गाडी कोणत्या संस्थानिकाकडून घेतली याची हकिकत होती.

ऐंशी वर्षांची गाडी आपोआप जशीच्या तशी राहत नाही, ती कुणीतरी तशी ठेवलेली असते. लोखंड गंजतं. रबर कडक होतं. लाकूड कुजतं. सुटे भाग बनवणारी कंपनीच बंद झालेली असते. मग कुणी लेथवर तो भाग नव्याने कातून देतो. कुणी जुन्या बाजारात महिनाभर हिंडून त्याच घाटाचा दिवा शोधतो. कुणी पत्रा ठोकून, लांबी भरून, पॉलिश पेपर घासून अशी गोलाई आणतो की परीक्षकाला शंका येऊ नये. या माणसाची कारागिरी जितकी उत्तम, तितका तो दिसेनासा होतो. त्याचं काम चांगलं झालं याचा पुरावाच असा की, ते झालंच नाही असं वाटावं. अशा माणसांत मुसलमान मिस्त्री खूप आहेत, आणि गोवेकर आहेत, शीख आहेत, घाटावरून आलेले आहेत. मोठ्या घरच्या गाडीचं काम करताना मामू म्हणायचे, "सेठ को मालूम नहीं होना चाहिए हमने कहाँ हाथ लगाया."

मी भाषेचा मास्तर. म्हणून एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ओरिजिनल’ला आपण मराठीत काय म्हणतो? अस्सल. हा शब्द अरबीतल्या ‘अस्ल’वरून आला. आणि त्याच्या उलट ‘नक्कल’, तोही अरबीच. म्हणजे खरं-खोटं पारखायला मराठीने जे दोन वजनदार शब्द हाती घेतले ते दोन्ही बाहेरगावचे. ‘दुरुस्त’, ‘कारखाना’, ‘कारागीर’ फारसीतून. ‘चावी’ आणि ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून. गॅरेजमध्ये उभं राहून एक वाक्य बोला, त्यात चार मुलखांचे शब्द सापडतील, आणि तरीही ते वाक्य मराठीच असेल. कवी माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ काढला. तो चाळताना आपल्या रोजच्या बोलण्यातलं किती काय बाहेरून आलं, हे पाहून वर्गातली मुलं थक्क होतात.

मला अनेकदा कौतुकाने सांगितलं जातं, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती शुद्ध बोलता!" सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी शुक्रिया म्हणतो. पण मनात येतं, ही परीक्षकाचीच नजर. कुठला नटबोल्ट नवा, कुठला जुना. माझ्या मराठीत दापोलीच्या नानीची कोकणी आहे, कुर्ल्याच्या गल्लीतली उर्दू आहे, शाळेतल्या जोशी बाईंचं व्याकरण आहे. यातलं काय काढलं म्हणजे ती मूळ रूपात येईल?

आता तुम्ही म्हणाल, मग ज्याला जे वाटेल ते करू द्यायचं का? जुन्या गाडीत नवं जपानी इंजिन आणि एअर कंडिशनर बसवायचा? नाही. माझा त्या हौशी लोकांना विरोध नाही, उलट आदर आहे. जुनी वस्तू सोयीसाठी मोडून टाकली की ती वस्तू काय सांगत होती तेही हरवतं. प्रश्न इतकाच, की ‘मूळ’ हा क्षण नेमका कोणता? कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडली तोच एक? आणि नंतरची पन्नास वर्षं फक्त डाग?

याचं एक समंजस उत्तर मला मिळालं ते योगायोगाने फियाटच्याच गावातून. फियाट कंपनी १८९९ साली इटलीतल्या तुरिन शहरात सुरू झाली. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, जुन्या वाहनांच्या जतनाची तत्त्वं ठरवणारी सनद २०१२ मध्ये मंजूर केली, तिचं नाव ‘तुरिन सनद’. तिच्यात एक तत्त्व असं आहे : गाडी तिच्या नेहमीच्या वापरात असताना, ऐतिहासिक ठरण्याआधी, तिच्यात जे बदल झाले तेही तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, म्हणून तेही जपावेत. गाडीला पुन्हा कारखान्यातून निघालेल्या रूपात नेलंच पाहिजे असं नाही.

हे वाचून मला अब्बांचं कॅरिअर आठवलं. सनदेच्या हिशोबाने ते कॅरिअर, तो सिलिंडर, तो दुसऱ्या गाडीचा दरवाजा हे त्या गाडीचे दोष ठरत नाहीत, ते तिचा जबाब ठरतात. ती या शहरात कशी जगली याचा जबाब.

गेल्या वर्षी मी नववीला ‘एका जुन्या मोटारीचे आत्मवृत्त’ हा निबंध दिला. आत्मवृत्त म्हटलं की मुलं ठरलेल्या वाटेने जातात : मी कारखान्यात जन्मले, मग शोरूममध्ये आले, मालक चांगला होता, आता भंगारात पडून रडते आहे. एका मुलाचा निबंध वेगळा होता. त्याचे वडील भंगारातल्या गाड्या खोलण्याचं काम करतात. त्याने लिहिलं होतं की मी मेलेली नाही, माझा दरवाजा एका गाडीत आहे, माझी सीट चहाच्या टपरीवर आहे आणि माझ्या पत्र्याचं छप्पर झालं आहे. व्याकरणाच्या सहा चुका होत्या. त्या मी लाल पेनाने दाखवल्या आणि निबंध वर्गात वाचून दाखवला.

माझं मागणं फार नाही. एक, आपल्या राज्यात कुठल्या तरी संग्रहालयात एक काळी-पिवळी पद्मिनी ठेवावी, आणि तिला नवरीसारखं नटवून नव्हे, तर कॅरिअर, सिलिंडर, ठिगळाचं रेक्झिन आणि मीटर यांच्यासह, शेवटच्या दिवशी होती तशी. दोन, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पाटीवर आणखी एक ओळ वाढवावी : काम कोणी केलं. इंजिन अमुक मिस्त्रींचं, पत्रा अमुक उस्तादांचा, रंग अमुक पेंटरचा. मालकाचं त्यात काही कमी होत नाही. उलट गाडी इतकी वर्षं टिकली कशी, हे पाहणाऱ्याला कळेल.

तिसरं मागणं तुमच्याकडे आहे. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अशी घरं खूप आहेत जिथे कुणी टॅक्सी चालवली, कुणी प्रीमियरमध्ये पाळी केली, कुणी गॅरेज चालवलं. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्याजवळ बसा. कोणत्या गाडीचं कोणतं काम केलं, कोणता भाग कसा बनवला, उस्ताद कोण होता, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जशी येईल तशा मिसळीच्या भाषेत लिहा. मामूंचं मी थोडंसं लिहून घेतलं आहे, अजून बरंच बाकी आहे. येत्या रविवारी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे, इन्शाअल्लाह.